वाचकांचे प्रश्न : हलते पान थांबवायचे कुणी?

या खेपेच्या टपालात एकाच विषयाची पत्रे जास्त होती. वेबसाइटवर जे हलते, सरकते, लुकलुकते ते सगळ्यांना वापरता येईल असे कसे करायचे? पत्रे थोडी छाटून घेतली आहेत. कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांतच लिहायचे, हे जाणत्यांना सांगायला नको. उत्तरांत जिथे ‘नियम’ म्हटले आहे, तिथे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची ‘डब्ल्यूसीएजी’ ही मार्गदर्शक तत्त्वे समजावीत; वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठी ती आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली.

आमच्या नगरपरिषदेच्या वेबसाइटवर सूचनांची पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत असते आणि प्रत्येक सूचनेपुढे लाल ‘नवीन’ लुकलुकते. ‘पट्टी काढायची नाही, पण साइट दिव्यांगांसाठी सुगम्य करा,’ असे साहेबांनी सांगितले आहे. दोन्ही कसे जमवू?
— नगरपरिषदेचे संगणकाचे काम पाहणारी वाचक, सांगली जिल्हा

जमते. पण साहेबांना पटवायचे तर पट्टीने नेमके कोणाचे अडते ते आधी सांगा. कमी दिसणारा माणूस पडदा चौपट मोठा करून वाचतो. त्याच्या पडद्यावर एका वेळी दोन-तीन शब्द मावतात आणि तेही पळत असतात. ज्याचा हात थरथरतो, त्याला सरकत्या दुव्यावर बोट नेमके टेकवता येत नाही. सावकाश वाचणाऱ्याची ओळ अर्ध्यावर निघून जाते. आणि ज्याचे लक्ष चटकन उडते, त्याला खालचा पाणीपट्टीचा तक्ता वाचणे मुश्कील होते, कारण डोळा पुन्हा पुन्हा वर ओढला जातो.

नियम २.२.२ याच दुखण्यावर आहे. एखादी गोष्ट आपोआप हलू लागत असेल, पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत असेल आणि पानावर तिच्या जोडीला दुसरा मजकूर असेल, तर ती थांबवण्याची, बंद करण्याची किंवा लपवण्याची सोय हवीच. हा नियम ‘ए’ पातळीचा आहे, म्हणजे सर्वांत खालची पायरी. ती चुकली तर वरच्या पायऱ्यांच्या गप्पा नकोत. भारत सरकारची वेबसाइटविषयक मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे ‘जीआयजीडब्ल्यू ३.०’, डब्ल्यूसीएजी २.१ ची ‘डबल ए’, म्हणजे ‘ए’च्या वरची, पातळी मागतात. तिच्यात हा नियम येतोच. साहेबांपुढे ठेवायला एवढा कागद पुरेसा आहे.

आता काम. तुमची पट्टी बहुधा ‘मार्की’ टॅगवर चालत असेल. एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहिण्याची भाषा, तिच्या प्रमाणातून तो केव्हाच बाद झाला आहे. ब्राउझर जुन्या पानांची भीड म्हणून चालवतात, इतकेच. ‘माउस नेला की थांबते’ अशी सोय पुष्कळ सरकारी पानांवर दिसते, पण फोनला माउस नसतो आणि कीबोर्डवर काम करणाऱ्याकडेही नसतो. म्हणून पट्टी साध्या यादीत, ‘यूएल’ आणि ‘एलआय’मध्ये लिहा, आणि सरकणे सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) ‘कीफ्रेम्स’वर सोपवा. यादीच्या आधी, कोडमध्येही आधीच, एक खरेखुरे ‘बटन’ ठेवा: ‘सूचना थांबवा’. दाबल्यावर त्यावर ‘सूचना सुरू करा’ असे यावे. बटन किमान २४ बाय २४ पिक्सेलचे हवे, आम्ही ४४ धरतो. वाचकाने एकदा थांबवलेली पट्टी दुसऱ्या पानावर गेल्यावर पुन्हा धावू लागली तर ती सोय कसली? म्हणून त्याची निवड ‘लोकल स्टोरेज’मध्ये साठवा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे नुसते ‘अ‍ॅनिमेशन-प्ले-स्टेट : पॉज्ड’ लिहिले तर पट्टी आहे तिथे गोठते आणि उजवीकडच्या चार सूचना चौकटीबाहेर कायमच्या अडकतात. थांबवल्यावर अ‍ॅनिमेशन पूर्ण काढून टाका आणि यादी एकाखाली एक उलगडू द्या. दुसरा खड्डा असा की पट्टी अखंड फिरती दिसावी म्हणून यादीची हुबेहूब दुसरी प्रत जोडली जाते. ती प्रत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा वाचतो आणि टॅब कळ तिच्याही दुव्यांवर थांबत जाते. त्या प्रतीला ‘इनर्ट’ (तो भाग निष्क्रिय करणारा गुणधर्म) लावा. नुसते ‘एरिया-हिडन’ (स्क्रीन रीडरपासून लपवणारा गुणधर्म) लावले तर आवाज बंद होतो, पण फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, आत जातच राहतो, आणि दृष्टिहीन वापरकर्ता अशा जागी पोहोचतो जिथे काहीच ऐकू येत नाही.

लाल ‘नवीन’ ही बहुधा जिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, असेल. जिफला थांबवण्याचे बटन नसते, ती सहसा संपतही नाही. तिच्या जागी साधा मजकूर घाला आणि पुढे तारीख द्या. तारखेमुळे आणखी एक गोष्ट साधते: गेल्या वर्षीच्या निविदेपुढे ‘नवीन’ मिरवत राहत नाही. खरे तर पाच ताज्या सूचनांची स्थिर यादी आणि खाली ‘सर्व सूचना पाहा’ एवढे केले, तर पट्टीची गरजच उरत नाही. साहेबांना ते एकदा छापून दाखवा. कागदावर पट्टी सरकत नाही, यादी मात्र वाचता येते.

आमच्या संस्थेच्या मुखपृष्ठावर सहा फोटोंचा स्लाइडर आहे, दर तीन सेकंदांनी बदलतो. ‘स्क्रीन रीडर मध्येच काहीतरी बोलतो आणि मी कुठे होतो तेच हरवते,’ अशी एका दृष्टिहीन देणगीदारांची तक्रार आली. आम्हाला तर सगळे नीट दिसते.
— नाशिक

दिसते नीट, ऐकू मात्र येत नाही. तुमच्या स्लाइडरच्या चौकटीवर ‘एरिया-लाइव्ह : पोलाइट’ लावलेले असावे. हा गुणधर्म स्क्रीन रीडरला सांगतो, ‘इथला मजकूर बदलला की वाच.’ दर तीन सेकंदांनी बदल, म्हणजे दर तीन सेकंदांनी घोषणा. देणगीचा अर्ज भरणाऱ्याच्या कानाशी कुणी सतत फोटोंची नावे पुकारत राहावे तसे होते.

उपाय असा. स्लाइडर आपोआप फिरत असताना ‘एरिया-लाइव्ह’ची किंमत ‘ऑफ’ ठेवा. वाचकाने फिरणे थांबवले आणि तो स्वतः ‘पुढचा’, ‘मागचा’ दाबू लागला की ती ‘पोलाइट’ करा, कारण आता बदल त्याने मागितला आहे. फिरणे थांबवण्याचे बटन स्लाइडरमधली टॅबने पोहोचता येणारी पहिली गोष्ट असावी. फोकस स्लाइडरच्या आत आला की फिरणे थांबावे आणि वाचकाने पुन्हा सुरू केल्याशिवाय सुरू होऊ नये. पुष्कळ तयार स्लाइडर फोकस बाहेर जाताच पुन्हा धावू लागतात. खाली मजकूर वाचत असलेल्याला वरची हालचाल पुन्हा डोळ्यांत येते, त्यामुळे ‘फोकस आहे तोवर थांबते’ एवढ्याने नियम पुरा होत नाही.

बटनाचे नाव बदलत असेल (‘थांबवा’चे ‘सुरू करा’), तर त्यावर ‘एरिया-प्रेस्ड’ लावू नका. दोन्ही एकत्र आले की स्क्रीन रीडर ‘सुरू करा, दाबलेले’ असे म्हणतो, आणि नेमके काय चालू आहे ते देवालाच ठाऊक. एक काय ते निवडा.

पडद्याबाहेरच्या पाच स्लाइड ‘डिस्प्ले : नन’, ‘व्हिजिबिलिटी : हिडन’ किंवा ‘इनर्ट’ने बंद करा. नुसत्या डावीकडे सरकवून ठेवल्या तर टॅब दाबणाऱ्याचा फोकस पाच-सहा वेळा गायब होतो. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर हवा. ‘बॅनर ३’ हा मजकूर नव्हे. खाली चार मिलिमीटरचे ठिपके असतात ते ठेवलेत तर प्रत्येकाला ‘६ पैकी ३ : रक्तदान शिबिर’ असे नाव द्या.

आपोआप फिरणे बंदच करून टाकावे, असे आमचे मत. सहावा फोटो यायला पंधरा सेकंद लागतात, तोवर वाचक खाली गेलेला असतो. सहा फोटो महत्त्वाचे असतील तर ते एकाखाली एक मांडा.

एक साधा प्रश्न. फोनवर पाने झुलतात, चित्रे पुढे-मागे येतात, तेव्हा मला गरगरते. कानाच्या आतल्या भागाचा त्रास आहे. मी काय बंद करू?
— निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

बाई, तुमच्यासाठी फोनमध्येच सोय आहे. आयफोनवर सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग मोशन, आणि तिथे ‘रिड्यूस मोशन’ सुरू करा. त्याच पानावर ‘ऑटो-प्ले अ‍ॅनिमेटेड इमेजेस’ असेल. ते बंद केले की हलती चित्रे स्थिर होतात. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, आणि ‘रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स’. कंपनीगणिक मधली पायरी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘अ‍ॅनिमेशन’ लिहून शोधणे सोपे. विंडोज ११ वर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, आणि ‘अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स’ बंद. संगणकावर फायरफॉक्स वापरत असाल तर पत्त्याच्या जागी ‘अबाउट : कॉन्फिग’ लिहून ‘इमेज.अ‍ॅनिमेशन_मोड’ शोधा आणि त्यात ‘नन’ लिहा. पानांवरच्या सगळ्या जिफ पहिल्या चित्रावर थांबतील.

एवढे करूनही काही वेबसाइटी झुलतच राहतील. ही सेटिंग म्हणजे वेबसाइटला पाठवलेली विनंती असते. ती मानायची की नाही हे पान बनवणाऱ्याच्या हातात असते. पुढचे उत्तर त्यांच्यासाठी आहे.

‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ (वाचकाने ‘हालचाल कमी करा’ ही सेटिंग लावली आहे का, ते विचारणारी सीएसएसची अट) वापरा असे सगळे सांगतात. मी सर्व घटकांना ‘अ‍ॅनिमेशन : नन’ लावून टाकले. आता ती सेटिंग असलेल्यांना अर्धे पान कोरे दिसते आणि मेनू बंदच होत नाही.
— फ्रीलान्स डिझायनर, पुणे

दोन वेगळे बिघाड आहेत, दोन्हीचे कारण एकाच ओळीत.

कोरे पान आधी. खाली स्क्रोल करताना मजकूर हळूच उगवतो असे तुम्ही केले असणार. त्यासाठी मजकुराची ‘ओपॅसिटी’ (अपारदर्शकता) मुळात शून्य ठेवतात आणि अ‍ॅनिमेशन ती एकवर आणते. तुम्ही अ‍ॅनिमेशन काढले, शून्य तसेच राहिले. उलट विचार करा: मजकूर मुळात दिसताच ठेवा आणि ‘ओपॅसिटी : ०’ची सुरुवात ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन : नो-प्रेफरन्स’ या मीडिया क्वेरीच्या, म्हणजे अटीच्या, आतच लिहा. म्हणजे ज्याने हालचाल नको म्हटले नाही, त्यालाच ती मिळेल. याच पद्धतीने स्क्रिप्ट (पानातला प्रोग्राम) न चालल्यासही मजकूर शाबूत राहतो; त्यासाठी शून्य लावणारा ‘क्लास’ स्क्रिप्टनेच जोडायचा.

मेनूचे कारण वेगळे. तुमची स्क्रिप्ट ‘अ‍ॅनिमेशन-एंड’ या घटनेची वाट पाहून मेनू काढून टाकते. हालचालच नाही, तर ती संपल्याची वर्दी येणार कुठून? म्हणून जुन्या साइटवर सरसकट एकच उपाय लावायचा असेल तर ‘नन’ऐवजी कालावधी ०.०१ मिलिसेकंद करा, ‘इटरेशन-काउंट’ एक करा, ‘स्क्रोल-बिहेवियर’ ‘ऑटो’ करा, तिन्हींना ‘इम्पॉर्टंट’. हालचाल दिसत नाही, पण वर्दी येते. हा तात्पुरता टेकू आहे. नव्या कामात प्रत्येक हालचालीचा वेगळा विचार करा.

सगळीच हालचाल वाईट नसते. गरगरायला लावते ते मोठ्या क्षेत्रात होणारे सरकणे, फिरणे, झूम, आणि पार्श्वभूमी व पुढचा भाग वेगवेगळ्या वेगाने पळवणारा पॅरलॅक्स. डोळे सांगतात ‘आपण हलतोय’, कानातला तोलाचा अवयव सांगतो ‘बसलोय’, आणि त्या भांडणातून मळमळ होते. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ ने पडद्यावर झूम आणि पॅरलॅक्स आणले, तेव्हा वापरणाऱ्यांनी हीच तक्रार मोठ्या प्रमाणात केली होती. याउलट रंग हलकेच बदलणे, जागच्या जागी फिकट होत जाणे सहसा चालते. तेव्हा ‘रिड्यूस’ असेल तिथे सरकत येणारा मेनू फिकटातून गडद होऊ द्या, पॅरलॅक्स पूर्ण काढा, आणि बटन दाबल्याची छोटी खूण राहू द्या.

सीएसएसची ही क्वेरी कुठे पोहोचत नाही तेही लक्षात ठेवा. आपोआप चालणारा पार्श्वभूमीचा व्हिडिओ तिला जुमानत नाही. स्क्रिप्टमध्ये ‘मॅच-मीडिया’ने विचारून ‘पॉज’ करावा लागतो, आणि त्याच वस्तूच्या ‘चेंज’ घटनेवरही लक्ष ठेवावे लागते, कारण माणूस पान उघडे असतानाच सेटिंग बदलतो. एसव्हीजी या चित्रप्रकाराच्या आतले ‘अ‍ॅनिमेट’ टॅगही सीएसएसच्या हाताबाहेर असतात. त्यांना ‘पॉज-अ‍ॅनिमेशन्स’ ही पद्धत आहे. ‘लॉटी’ या फाइल-प्रकारातली अ‍ॅनिमेशने स्क्रिप्टवर चालतात, त्यांना अर्थपूर्ण अशा एखाद्या फ्रेमवर ‘गो-टू-अँड-स्टॉप’ने नेऊन थांबवा. पहिल्या फ्रेमवर नको, ती बहुधा रिकामी असते. जिफसाठी ‘पिक्चर’ टॅगमध्ये ‘सोर्स’ला हीच मीडिया क्वेरी लावून स्थिर चित्र द्यावे.

आणि ही क्वेरी लावली म्हणून थांबवण्याच्या बटनातून सुटका नाही. ती सेटिंग फोनमध्ये असते हेच बहुतेकांना माहीत नसते.

पानावर ‘लोड होत आहे’ची गोल चकती फिरते. तिलाही पॉज बटन द्यायचे का?
— कोल्हापूर

नाही. सगळेच थांबलेले असते, करण्यासारखे दुसरे काही नसते, अशा वेळची चकती नियमाच्या अपवादात बसते. फक्त ‘रोल : स्टेटस’ असलेल्या (जिथला बदल स्क्रीन रीडर आपणहून वाचतो अशा) जागी ‘माहिती येत आहे’ असा मजकूर घाला, आणि आली की ‘१२ निकाल मिळाले’. चकती अडकून पडली तर दहाएक सेकंदांनी तसे सांगा. न बोलणारी चकती दृष्टिहीन माणसाला कळतच नाही.

शाळेच्या मराठी वेबसाइटच्या मथळ्याला टाइपरायटरसारखा परिणाम दिला: अक्षर-अक्षर उमटते. इंग्रजीत छान दिसते, मराठीत मात्र वेलांट्या उड्या मारतात आणि मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ दिसते.
— ठाणे

या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी पुस्तकांत मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

संगणकाच्या लेखी ‘शिक्षण’ हा शब्द सहा चिन्हांचा आहे: श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. तुमची स्क्रिप्ट त्यांतले एकेक चिन्ह दाखवते. त्यामुळे पडद्यावर आधी ‘श’ येतो, मग पहिली वेलांटी त्याच्या आधी घुसते आणि ‘श’ उजवीकडे ढकलला जातो. पुढे ‘क’, मग पाय मोडका ‘क्’, मग एकदम ‘क्ष’. प्रत्येक चिन्ह वेगळ्या ‘स्पॅन’ टॅगमध्ये घातले असेल तर वेलांटीला टेकायला अक्षर मिळत नाही आणि ब्राउझर ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. स्क्रीन रीडरचेही हाल होतात. तुकडे झालेला शब्द तो तुकड्यांनीच वाचतो.

‘इंटल.सेग्मेंटर’ हे ब्राउझरमधलेच साधन मजकूर अक्षरागणिक तोडते, मात्रा अक्षरालाच चिकटून राहतात. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र गफलत आहे. जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीचे ब्राउझर ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ करतात. म्हणून आमची शिफारस सरळ आहे: मराठी मजकूर शब्दागणिक उमटवा. डोळ्यालाही ते सुखाचे जाते.

मांडणी अशी करा. ‘एच१’मध्ये पूर्ण वाक्य एकदा असू द्या, डोळ्यांपासून लपवलेले पण स्क्रीन रीडरला मिळणारे: एक पिक्सेलच्या चौकटीत ‘क्लिप’ केलेले, ‘डिस्प्ले : नन’ नव्हे. शेजारची हलणारी प्रत ‘एरिया-हिडन’ करा. तिच्यात दुवे नसावेत. मथळ्याची उंची आधीच राखून ठेवा, नाहीतर दुसरी ओळ उमटली की खालचे पान दचकून खाली जाते. सगळे पाच सेकंदांत आटपा. आणि हमखास विसरते ती गोष्ट म्हणजे शेवटी उरलेली लुकलुकणारी उभी रेघ. अक्षरे थांबली तरी ती चालूच असते. पाचव्या सेकंदाच्या आत तिचे लुकलुकणे बंद करा. पानाच्या ‘एचटीएमएल’ टॅगला ‘लँग : एमआर’ लावले आहे ना तेही पाहा. ते नसेल तर स्क्रीन रीडर हिंदी किंवा इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या आवाजात मराठी आहे.

मंडळाच्या वेबसाइटवर विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. त्यात डीजेचे दिवे फार फडफडतात. ‘फिट येऊ शकते’ असे एकाने लिहिले. खरेच का? आम्ही पॉज बटन दिले आहे.
— मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

खरे आहे, आणि इथे पॉज बटन उपयोगाचे नाही. झटका बटन शोधण्याच्या आत येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलांच्या कार्टून मालिकेत लाल-निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा बदलत काही सेकंद चमकला आणि साडेसहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. २००७ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाच्या जाहिरातफितीतला एक तुकडा अशाच तक्रारींनंतर वेबसाइटवरून काढावा लागला. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना प्रकाशाच्या चमकांनी झटका येतो. मुलांत आणि किशोरवयीनांत हे प्रमाण जास्त आहे, आणि मिरवणुकीचा व्हिडिओ पाहणारेही तेच.

नियम २.३.१ म्हणतो, कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत. उजेड वाढणे आणि पुन्हा कमी होणे मिळून एक चमक. चमकणारा भाग अगदी लहान असेल तर सवलत आहे: १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर एकूण २१,८२४ पिक्सेलपर्यंत, म्हणजे साधारण १४८ पिक्सेल बाजूचा चौरस. गडद लाल रंगाच्या चमकांना वेगळी, कडक कसोटी आहे. तुमचा व्हिडिओ पडदाभर असणार, तेव्हा सवलत विसरा.

तपासायला ट्रेस सेंटर या संशोधन केंद्राचे ‘पीट’ हे विंडोजवर चालणारे मोफत साधन आहे. ते नसेल तर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संशयित तुकडा फ्रेमगणिक पुढे न्या. २५ फ्रेमचा एक सेकंद घ्या आणि काळोख-उजेडाच्या जोड्या मोजा. चौथी जोडी सापडली की तो तुकडा नापास. डीजेइतकेच बातम्यांच्या व्हिडिओतले कॅमेऱ्यांचे फ्लॅशही पाहा, ते कुणी मोजत नाही.

दुरुस्तीत पहिला पर्याय म्हणजे तुकडा कापून तिथे ढोलपथकाचे स्थिर फोटो घालणे. वेग निम्मा केला तर सेकंदाला बाराच्या सहा चमका होतात, तरी दुप्पटच. उजेड आणि काळोखातला फरक बराच कमी करून, रंग उतरवूनही चालते. मग पुन्हा तपासा. ‘सावधान, चमकणारे दिवे’ अशी पाटी चांगलीच, पण तिने नियम पाळला जात नाही. आणि व्हिडिओ आपोआप सुरू होणे आजच बंद करा. त्यात आवाज असेल तर नियम १.४.२ ही लागू होतो: तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणाऱ्या आवाजाला थांबवायची सोय लागते, कारण स्क्रीन रीडरचा आवाज त्या ताशाखाली बुडतो.

व्हिडिओला मराठी कॅप्शनची फाइल जोडली, तर एकदा काहीच दिसत नाही आणि एकदा अगम्य अक्षरे दिसतात.
— शेतीविषयक माहितीपट बनवणारे, अहिल्यानगर

काहीच दिसत नसेल तर तुम्ही एसआरटी फाइलचे नुसते नाव बदलून व्हीटीटी केले असावे (दोन्ही कॅप्शनच्या फाइलचेच प्रकार). वेबव्हीटीटी फाइलची पहिली ओळ ‘वेबव्हीटीटी’ या रोमन मोठ्या अक्षरांची असते, तिच्यानंतर एक ओळ मोकळी. वेळेत मिलिसेकंदांच्या आधी एसआरटीत स्वल्पविराम असतो, इथे टिंब लागते: ००:००:०५.२००. एक स्वल्पविराम राहिला की ते कॅप्शन गळते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर ‘व्हिडिओ’ टॅगला ‘क्रॉस-ओरिजिन’ आणि त्या सर्व्हरची परवानगी दोन्ही लागतात.

अगम्य अक्षरांचे कारण बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेले टायपिंग. तिथे मराठी अक्षरे फक्त दिसतात, आत रोमन चिन्हेच असतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि फाइल ‘यूटीएफ-८’ म्हणून साठवा. ‘ट्रॅक’ टॅगमध्ये ‘काइंड : कॅप्शन्स’, ‘एसआरसी-लँग : एमआर’. कॅप्शनमध्ये बोलण्याखेरीजचे आवाजही येतात: [पंप सुरू होतो], [दुरून मेघगर्जना]. एका वेळी दोनच ओळी.

दृष्टिहीन शेतकऱ्यासाठी मात्र काम चित्रीकरणाच्या वेळीच करावे लागते. निवेदक ‘एवढे खत टाका’ म्हणत मूठ दाखवतो, तिथे त्याने प्रमाण तोंडाने सांगावे. ‘पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवर’ऐवजी नंबर बोलावा. नंतर वेगळे ध्वनिवर्णन जोडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

क्रिकेटचा धावफलक दर दहा सेकंदांनी आपोआप बदलतो. तो हलत नाही, नुसते आकडे बदलतात. तरी नियम लागू?
— मुंबई

लागू, आणि आपोआप बदलणाऱ्या मजकुराला पाच सेकंदांची सवलतही नाही. थांबवण्याची किंवा किती वेळाने बदलावे ते ठरवण्याची सोय द्या: दहा सेकंद, एक मिनिट, बंद, आणि जोडीला ‘आत्ता ताजे करा’ बटन. सगळ्या फलकावर ‘एरिया-लाइव्ह’ नको. एक छोटी वेगळी जागा ठेवून तिथे फक्त विकेट आणि षटकाअखेरची धावसंख्या बोलवा. पान पूर्ण रिफ्रेश करत असाल तर ते ताबडतोब सोडा. स्क्रीन रीडर दर वेळी पहिल्या ओळीवर जातो.

तपासणीच्या साधनाने आमच्या साइटला १०० पैकी १०० दिले. आता निर्धास्त राहू का?
— नागपूर

राहू नका. स्वयंचलित साधने ‘मार्की’ आणि ‘ब्लिंक’ हे जुने टॅग पकडतात, कधी आपोआप वाजणारा आवाज पकडतात. तीच पट्टी ‘डिव्ह’ आणि सीएसएसने सरकवली की त्यांना ती दिसत नाही. हाताने तपासायला अर्धा तास पुरतो.

पान उघडा आणि हात मांडीवर ठेवून सहा सेकंद थांबा. सहाव्या सेकंदालाही जे हलते आहे ते कागदावर लिहा; तुमची यादी तीच. माउस बाजूला ठेवून टॅबने प्रत्येकाच्या थांबवण्याच्या बटनापर्यंत जा, एन्टर आणि स्पेस दोन्हींनी दाबून पाहा. मग पानाच्या तळाशी जा, दहा सेकंद थांबून परत या: मागे ते पुन्हा सुरू झाले का? क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ हा विभाग उघडून ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ‘रिड्यूस’ करा आणि तळापर्यंत स्क्रोल करा, कोरी जागा सापडते का ते पाहा. झूम ४०० टक्के करा. थांबवण्याचे बटन पडद्याबाहेर गेलेले पुष्कळदा इथेच सापडते. एनव्हीडीए सुरू करून काहीही न दाबता एक मिनिट ऐका. पान आपणहून बोलू लागले तर कुठला कोपरा बोलला ते शोधा. शेवटी पट्टी थांबवा, ब्राउझर बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा. ती थांबलेली असली पाहिजे.